डावललेली बाजू

१

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. बाकीचे चित्रकार थेट पडद्यावर काढत, ही मात्र आधी कागद-पेन्सिल घेऊन बसे. एक रेघ ठेवायची तर नऊ खोडायच्या, अशी तिची रीत. संध्याकाळी टेबलावरचा रबराचा चुरा झाडताना सफाईवाल्या मावशी रोज तेच म्हणत, "बाई, तुम्ही काढता कमी आणि खोडता जास्त." ती हसण्यावारी नेई, कारण बोलणं खोटं नव्हतं.

काम होतं मारामारीच्या एका खेळाचं. खेळ नऊ वर्षं जुना, पण लोक अजून चवीने खेळत. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात आणि दोन माणसं बटणं बडवून त्यांना एकमेकांच्या अंगावर घालतात, बाकी कथाबिथा काही भानगड नाही. एकतीस लढवय्ये झाले होते. बत्तिसावा तिच्या वाट्याला आला होता, आणि तोही पहिल्यांदाच संपूर्ण तिच्या मनाने घडवायचा होता.

या खेळातली चित्रं सपाट. प्रत्येक लढवय्या फक्त उजवीकडे तोंड करून काढायचा, म्हणजे बघणाऱ्याला त्याची उजवी बाजू दिसते. तो उडी मारून पलीकडे गेला की मशीन तेच चित्र उलटं करून दाखवी. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाई, उजव्या डोळ्यावरची पट्टी डाव्या डोळ्यावर. ऑफिसात याला पलटी म्हणत. नऊ वर्षांत एकाही खेळाडूने तक्रार केली नव्हती. पट्टी कुठल्या डोळ्यावर आहे हे मार खाताना बघायला सवड कुणाला असते?

तिने गवंडी काढायचं ठरवलं. म्हातारा, काटक, हातात थापी, आणि कमरेला ओळंबा: दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, ज्याने भिंत सरळ आहे की नाही ते कळतं. ते वजन गरगर फिरवून तो समोरच्याला लोळवणार. तुकडीचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, एकदम खूश झाला.

"हा चेहरा कुठून आणलास?"

"घरातून," ती म्हणाली.

तिचे बाबा चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. उजव्या भुवईत विटेची कपची लागून पडलेली खाच होती, तीही तिने जशीच्या तशी घेतली. जे घेतलं नाही ते एवढंच की आठ महिन्यांपूर्वी बाबांची डावी बाजू गेली होती. ओठाचा कोपरा लोंबत होता, पापणी अर्धी मिटलेली, हात मांडीवर ठेवाल तिथेच राहणारा. आईने त्यांची खुर्ची भिंतीला धरून ठेवली होती, डावी बाजू भिंतीकडे, म्हणजे त्या बाजूला कलंडले तरी भिंत सावरेल. खुर्ची आणि भिंत यांच्यात वीतभर फट.

त्या फटीशी तिची रोजची सकाळ जायची. ऑफिसला निघण्यापूर्वी ती जमिनीवर बसायची, फटीत हात घालून बाबांचा डावा हात धरायची. त्या हातात एवढंच उरलं होतं की तो दाबू शके. एकदा दाबलं म्हणजे 'मी आहे'. दोनदा दाबलं म्हणजे 'जा आता'. मग ती खुर्चीच्या दांडीवरचा छोटा रुमाल घेऊन त्यांच्या हनुवटीवर ओघळलेली लाळ पुसायची आणि निघायची.

चित्र सुरू झालं तसं हे बंद पडलं. तीन आठवडे ती रोज सकाळी स्टूल घेऊन बाबांच्या उजव्या बाजूला बसून रेखाटनं करत होती, आणि तिथूनच उठून ऑफिसला पळत होती. उशीर होतो, हे कारण खरंच होतं. त्याहून खरं हे की डाव्या बाजूकडे बघितलं की पेन्सिल चालेना. तिला तिचे पूर्वीचेच बाबा कागदावर हवे होते.

"दुसरी बाजू काढू का?" तिने कॅप्टनला एकदा विचारलं होतं, उगाच, मन राखायला.

"कशाला? मशीन काढतं ना."

तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

२

मंगळवारी सकाळी अकराला गवंडी पहिल्यांदा चालवला. चालवणारा बटण्या. दिवसभर खेळून खेळातल्या चुका शोधायच्या, हेच त्याचं काम, त्यामुळे नाव पडायला वेळ लागला नव्हता.

पडद्यावर म्हातारा उभा राहिला. छाती वर-खाली होत होती, थापीचा हात किंचित हलत होता. तिने काढलेली सहा चित्रं फिरत होती, बाकी काही नाही, पण आठ महिन्यांनी बाबा दोन पायांवर उभे होते. बटण्याने त्याला उडी मारायला लावली. पलीकडे उतरताच म्हातारा चट्कन उलटा झाला.

"खोडरबर, भारी जमलाय गं. इकडून बघ, तिकडून बघ, कुठूनच कमी नाही."

"पुन्हा मार उडी," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने घराची बेल वाजवली आणि दार बाबांनी उघडलं.

ती दारातच उभी राहिली. मागे आई भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. "सकाळी अकराच्या सुमाराला," आई सांगू लागली, "मी भांडी घासत होते, मागे वळून बघते तर हे स्वयंपाकघरात. चहा दे म्हणाले. माझ्या हातातून कप सुटलाच." डॉक्टरांना फोन झाला होता. काही पेशंट उठतात असे, जपून असा, या आठवड्यात दाखवायला आणा, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या संध्याकाळी घर किती दिवसांनी घरासारखं वाटलं. बाबा आता दाराजवळच्या बाकावर बसले होते, त्यांची जुनी जागा, आणि ती त्यांच्या डाव्या हाताला. ओठ सरळ होता. पापणी उघडी होती. त्यांचा चेहरा बघून तिचं मन भरेना, भुवईतली खाचसुद्धा तिला नव्याने आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना तिला आठवलं, आपण डाव्या हाताला बसलो होतो. खाच उजव्या भुवईत आहे.

३

आता माणसाचं डोकं अशा वेळी काय करतं? वकिली करतं. तिच्या डोक्यानेही केली. तीन आठवडे एकच चेहरा काढून नजर बिघडली असेल. जागा बदलल्यावर आपलाच गोंधळ झाला असेल, कदाचित आपण उजवीकडेच बसलो होतो. तिने जुने फोटो काढले. काहींत खाच उजवीकडे, एकात डावीकडे, पण तो तिने फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला, तो कॅमेरा उलटंच दाखवतो. झालं, मिटलं.

तरी रविवारच्या जेवणाला ती मुद्दाम बाबांच्या डावीकडे बसली. आई उजवीकडे. बाबा मध्ये, समोर भिंत. खात होते नीट, सांडत नव्हते. तिच्या बाजूच्या भुवईत खाच स्पष्ट दिसत होती.

"बाबांच्या भुवईला काहीतरी लागलंय बघ," ती आईला म्हणाली.

आईने हात लांब केला. स्वतःच्या बाजूच्या भुवईकडे. "कुठे? खाच आहे ती. विसरलीस?"

आईचं बोट खाचेवर होतं. आई खोटं बोलत नव्हती, बोटाने चाचपून सांगत होती. आणि इकडे, तिच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर, खाच होती आणि तिच्यावर बोट नव्हतं.

आईने तिच्याकडे बघितलं. मग बोट सावकाश मागे घेतलं. "जेव," एवढंच म्हणाली.

बाबा दोघींच्या मध्ये बसून घास चावत होते.

जेवणानंतर तिच्या लक्षात आलं की बाहेरच्या खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलाय.

"आरसा का फिरवलास?"

"तडा गेलाय."

"कुठे?"

"आतून," आई म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

रेडिओही हल्ली सकाळपासून लावलेला असायचा. भिंतीजवळच्या त्या रिकाम्या खुर्चीशेजारी आईने तो मांडून ठेवला होता. खुर्चीत आता कुणी बसत नव्हतं, पण ती हलवलीही नव्हती, आणि गादीचा खोलगटपणा भरून आला नव्हता. आईशी नीट बोलायचं म्हणून तिने रेडिओ बंद केला.

खोलीत शांतता झाली. त्या शांततेत कुणीतरी गिळलं. घशात अडकलेलं मोठ्या कष्टाने खाली लोटावं तसं. बाबा दाराजवळ बाकावर होते आणि हसून जिन्यातून उतरणाऱ्या कुणाला तरी हात करत होते.

आई ओल्या हातानेच आली आणि तिने रेडिओ लावला. "बातम्या लागतील आता," म्हणाली. गाणी लागली होती.

४

बुधवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली तर बाबा खोलीच्या मधोमध उभे. पेटीतून त्यांचा ओळंबा काढला होता. उजव्या हाताने दोरी धरून ते समोरची भिंत न्याहाळत होते.

"काय बघताय बाबा?"

"भिंत सरळ आहे का ते." त्यांनी ओळंबा खाली ठेवला आणि पुढे होऊन तळहात भिंतीवर टेकवला. "छे. या हाताला काही कळत नाही. हा नुसता राबणारा. भिंतीचं माझ्या डाव्यालाच कळायचं. उजव्याने लिंपायचं आणि डाव्याने फिरवून बघायचं, चाळीस वर्षं तसंच केलं."

"मग डावा लावा की."

बाबांनी तळहात भिंतीवरून काढला नाही. मग चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारावं तसं त्यांनी सहज विचारलं, "माझा डावा कुठे ठेवलास गं?"

ती त्यांच्या उजवीकडे उभी होती. हसल्यासारखं करून ती म्हणाली, "हा काय," आणि त्यांच्या मागून वळसा घालून पलीकडे गेली.

पलीकडे उजवा खांदा होता. उजवा कान, भुवईत खाच, भिंतीवर टेकलेला उजवा तळहात, त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी चुन्याने भाजल्याचा जुना डाग. बाबा वळले नव्हते. ते वळले असते तर पाय वाजले असते, सदरा हलला असता. ती पुन्हा मागून अलीकडे आली. उजवा खांदा, कान, खाच. ती भिंतीला पाठ लावून त्यांच्या टेकलेल्या हाताखालून वाकून सरकत गेली, म्हणजे एकदा तरी ते समोरून दिसतील, दोन डोळे एकदम दिसतील. भिंतीच्या या टोकाला त्यांचा चेहरा एका बाजूने दिसत होता, त्या टोकाला दुसऱ्या बाजूने, आणि मधे कुठेतरी, एका पावलात, चट्कन. समोरून असा चेहराच नव्हता.

असं चट्कन उलटं होणं तिने पडद्यावर हजारदा पाहिलं होतं. ती खाली बसली.

बसल्यावर भिंतीजवळच्या खुर्चीखालचं दिसलं. बाबांची डाव्या पायातली चप्पल तिथे होती. तिच्यावर धूळ बसली होती. बाबा आठ दिवस घरभर फिरत होते, त्यांचा एकही पाय तिला अनवाणी दिसला नव्हता.

"सापडला का?" बाबांनी विचारलं.

५

ती चूक कुणाची, मशीनची की आपली, हे तिने स्वतःला फार विचारलं नाही. उत्तर माहीत असलं की माणूस प्रश्न लांबवतो. वेड्यासारखं असो नाहीतर शहाण्यासारखं, करण्याजोगी एकच गोष्ट होती: दुसरी बाजू काढायची. शुक्रवारी चार वाजता गवंड्याची फाइल कायमची बंद होणार होती आणि तो हजारो घरांत जाणार होता. त्याआधी.

बुधवारी दिवसभर ती कागदासमोर बसली, आणि तेव्हा तिला खरी भीती वाटली. ती बाजू तिला आठवेना. ज्या हनुवटीची लाळ सहा-सात महिने पुसली, तिचा उतार आठवेना. ओठ किती लोंबायचा? पापणी अर्धी की त्याहून जास्त? पुसताना ती दरवेळी रुमालाकडेच बघत आली होती. दुखणं बाबांचं होतं आणि तोंड तिने फिरवलं होतं. डावलणं हा शब्द तिने आयुष्यभर वापरला होता, कचेऱ्यांच्या बाबतीत, नातेवाइकांच्या बाबतीत. तो आपल्यालाही लागू होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि आता वाटलं तेव्हा तिला रडू आलं.

काढलं, खोडलं. पुन्हा काढलं. गुरुवारी संध्याकाळी टेबलावर रबराच्या चुऱ्याचा ढीग होता आणि सहा चित्रं होती. डावीकडे तोंड करून उभा असलेला म्हातारा, लोंबता ओठ, अर्धी पापणी, मांडीशी सैल पडलेला हात. बाबाच होते ते. चित्रं पडद्यावर चढवून तिने कागद पिशवीत घातले आणि घरी नेले.

शुक्रवारी सकाळी तिने कॅप्टनला दाखवलं. त्याने सहाही चित्रं एकामागून एक चालवून बघितली.

"अगं, मारामारीचा खेळ आहे. वाकड्या तोंडाच्या म्हाताऱ्याला निवडणार कोण?"

"नका निवडू. पण असू दे."

"काही झालंय का घरी?"

"नाही. बाबा बरे आहेत," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटला.

कॅप्टन वाईट माणूस नव्हता. "उभं राहायची चित्रं तेवढी टाक. बाकी पलटीच राहू दे. तुझं तू घाल, पण चारच्या आत. चारनंतर मला सांगायला येऊ नकोस, माझ्याही हातात नाही."

तीन वाजता ती ते घालायला बसली, आणि आईचा फोन आला.

"पिशवीत बघितले मी कागद," आई म्हणाली. "ते खेळात घालू नकोस."

ती खुर्ची मागे सारून उठली, जिन्यात गेली. "तुला माहीत होतं?"

"दिवसभर घरात मी असते. तुझा म्हातारा मंगळवारी अकराला उभा राहिला, असं तूच म्हणालीस, आणि हे उठले तेही अकरालाच. मला नाही कळणार?" आईच्या मागे रेडिओ मोठ्याने चालू होता. "आठ महिने मी त्यांना उचललं. पुसलं. रात्री दोनदा उठून कुशीवर वळवलं. तू सकाळी पाच मिनिटं हात धरायचीस, आणि तेही नंतर सोडलंस. मी बोलले का काही? काल ते मला म्हणाले, तू बस, मी करतो चहा. किती दिवसांनी कुणी मला बस म्हणालं."

"आई, ते अर्धेच आहेत."

"असू देत. अर्धे तर अर्धे, पण चालतात, बोलतात."

"आणि बाकीचे अर्धे?"

आईने रेडिओ आणखी मोठा केला. रेडिओवर कुणीतरी हसत होतं. "त्याचं मला विचारू नकोस," ती अखेर म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. "माझ्या अंगात आता बळ नाही गं. तू त्यांना परत तसं केलंस तर मी नाही उठायची."

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. बाबा बोलले, पूर्वीसारखे, खणखणीत. "काय गं, आज लवकर ये. दार मी उघडतो."

ती जागेवर परत आली. पडद्यावर सहा चित्रं होती. घड्याळात सव्वातीन. बटण्याने मान वळवून विचारलं, "टाकतेस ना? मी चालवून बघतो."

"नाही," ती म्हणाली. "नीट जमलं नाही."

पडद्यावरची चित्रं पुसायला क्षण लागला. टेबलाच्या खणात आणखी दोन कच्ची रेखाटनं होती, ती तिने रबराने खोडली, सावकाश, कडेपासून आत, ओठ सगळ्यात शेवटी. चुरा तिने आज स्वतःच ओंजळीत गोळा केला आणि टोपलीत टाकला. डोकं दुखतंय सांगून ती निघाली. चार वाजले तेव्हा ती रस्त्यात होती, आणि तिने मुद्दाम घड्याळ बघितलं नाही.

६

दार बाबांनी उघडलं. कान, खाच, सरळ ओठ. आई चप्पल घालून तयारच होती.

"आम्ही जरा खाली चक्कर मारून येतो," आई म्हणाली. तिने केस नीट विंचरले होते. तिने काही विचारलं नाही, फक्त जाता जाता लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. त्या कागदांचं तिने काय केलं ते कळलं नाही, पिशवी रिकामी होती.

जिन्यावरून दोघांची पावलं उतरत गेली. आईची एक जड, एक हलकी. बाबांची दोन्ही अगदी सारखी.

घरात ती एकटी होती. ऊन खिडकीतून आत आलं होतं. रेडिओ चालू होता. ती थोडा वेळ उभी राहिली, मग तिने तो बंद केला. आपण बरोबर केलं, ती मनात म्हणत होती. आई हसते आहे. आणखी काय पाहिजे?

कुणीतरी गिळलं.

भिंतीतून पाण्याची नळी जात असेल, तिने स्वतःला सांगितलं. शेजारच्यांकडे नळ सोडला असेल. ती हे सांगत होती आणि खुर्चीजवळ जात होती. खुर्ची रिकामी होती, हे तिने दोनदा बघून घेतलं. दांडीवर रुमाल तसाच होता. तिने तो उचलला. तो वाळून कडक झाला होता. आई दहा दिवस या खुर्चीजवळ फक्त रेडिओ लावायला आली होती, आणि स्वतः ती तर महिना झाला आली नव्हती.

ती जमिनीवर बसली, पूर्वी बसायची तशी, भिंतीकडच्या बाजूला. मान तिने खालीच ठेवली. रुमाल डाव्या हातात धरला आणि उजवा फटीत घातला.

बोटं होती. थंड, पण ओळखीची, करंगळी किंचित वाकडी. त्यांनी तिचा हात धरला आणि दाबला. एकदा.

मी आहे.

तेव्हा तिने वर बघितलं. पुरतं नाही बघितलं, बघवलं नाही. खुर्चीची कड आणि भिंत यांच्यामधल्या अंधारात तिच्या डोळ्यांच्या जरा वर अर्धी मिटलेली एक पापणी होती आणि तिच्याखाली ओठाचा एक कोपरा. पापणी तिने काढली होती त्याहून जास्त मिटलेली होती. राग नव्हता त्यात. रोज सकाळी असायचं तेच होतं.

ती पुन्हा खाली बघू लागली. दुसरा हात वर नेऊन तिने अंदाजाने पुसलं, हलक्या हाताने, कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, आणि हनुवटीचा उतार तिला आता बोटांना कळला. रुमाल बाहेर आला तो चिंब ओला. तिने तो पिळला, जमिनीवर थेंब पडले, आणि ती पुन्हा पुसू लागली.

जिन्यावर पावलं वाजू लागली. आई कशावर तरी हसत होती. मग बेल वाजली, आणि दाराबाहेरून बाबांचा मोकळा आवाज आला, "अगं, उघड. किल्ली घरातच राहिली."

"आले," ती म्हणाली, आणि उठायला गेली.

हात सुटला नाही. त्याने तिला ओढलं नाही, दुखवलं नाही, फक्त धरून ठेवलं. ती थांबली. बाहेर बेल पुन्हा वाजली, आईने तिच्या नावाने हाक मारली, जरा घाबरून. आत त्या बोटांनी पुन्हा दाबलं, एकदा. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, एकदाच.

दोनदा दाबलं की ती जाते, हे त्या हाताला चांगलं माहीत होतं.